कानाची कात्री

ध्वनि ही कानाची वस्तु. तेव्हां ध्वनिमुद्रणाची काटछांट हें काम तरी अंधांना सहजसाध्य असलें पाहिजे, असें कोणासही वाटेल. परंतु संगणकाच्या युगांत घडलें तें नेमकें उलट. ध्वनीचें संपादन कानाकडून डोळ्याकडे गेलें, आणि ज्यांचा सारा व्यवहार कानावर चालतो त्यांनाच तें परकें झालें. तें पुन्हा कानाकडे कसें वळलें, हें समजून घेण्यासारखें आहे.

चुंबकीय फितीच्या काळीं ध्वनिसंपादकाचीं हत्यारें म्हणजे कान, बोटें आणि धारदार पातें. फीत बहुधा सेकंदाला १९ सेंटिमीटर ह्या वेगानें धांवे. म्हणजे एका सेकंदाचा उच्चार वितीहून थोड्या कमी लांबीच्या पट्टीवर पसरलेला असे. संपादक रिळें हातानें मागेंपुढें फिरवून शब्दाचा आरंभ कोठें आहे तो ऐके, तेथें खूण करी, फीत ठोकळ्याच्या खोबणींत बसवी आणि तिरप्या चिरेंतून पातें फिरवून नको असलेला तुकडा काढून टाकी. संगणकांत ही फीतच उरली नाहीं. तिच्या जागीं पडद्यावर ध्वनिलहरींचें चित्र आलें. डोंगररांगेसारख्या दिसणाऱ्या ह्या चित्रांत जेथें सपाटी तेथें शांतता, जेथें सुळका तेथें मोठा आवाज. डोळस माणूस तें चित्र पाहतो, माऊसनें तुकडा निवडतो आणि पुसून टाकतो. ज्याला चित्रही दिसत नाहीं आणि माऊसचा बाणही दिसत नाहीं, त्यानें काय करावें?

ह्याचें उत्तर कळफलकांत होतें. कळफलकाचें अंधांशीं नातें फार जुनें आहे. इटलींत पेलेग्रिनो तुर्री ह्यानें टंकलेखनाचें एक यंत्र बनविलें, तें एका अंध उमराव स्त्रीला स्वतः पत्रें लिहितां यावींत म्हणून; त्या यंत्रावरील १८०८ सालचें लेखन अद्याप जपून ठेवलेलें आहे. कळेची जागा बदलत नाहीं. बोटाला ती न पाहतां सांपडते. उरला प्रश्न पडद्यावरील मजकूर कळण्याचा. तो स्क्रीन रीडरनें, म्हणजे पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणाऱ्या आज्ञावलीनें, सोडविला. १९७८ सालीं मोटार-अपघातांत दृष्टि गमावलेले अमेरिकन गृहस्थ टेड हेंटर ह्यांच्या कंपनीनें १९८९ सालीं 'जॉज' हा स्क्रीन रीडर आणला. २००६ सालीं मायकेल करन ह्या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानें 'एनव्हीडीए' लिहावयास घेतला. तो विनामूल्य मिळतो व मराठीही वाचतो. २००० सालीं प्रथम प्रसिद्ध झालेली 'ऑडॅसिटी' ही ध्वनिसंपादनाची आज्ञावलीही विनामूल्यच आहे. ह्या दोघांची जोडी जमली म्हणजे घरच्या साध्या संगणकावर कान पुन्हा मालक होतो.

समजा, एका अंध मुलीजवळ तिच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचें मुद्रण आहे. आजी आतां हयात नाहीं. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओवीच्या मध्यें स्वयंपाकघरांतील कुकरची शिटी शिरली आहे. ती काढावयाची, परंतु शिटीला अगदीं लागून आजीनें पुढील ओवीसाठीं घेतलेला श्वास आहे, तो जाऊं द्यावयाचा नाहीं. मुद्रण एकुलतें एक. म्हणून पहिलें काम त्याची नक्कल करून मूळ प्रत बाजूला ठेवण्याचें.

ऑडॅसिटीच्या तिसऱ्या मालिकेंतील आवृत्त्यांत पुढील काम असें चालतें. स्पेसबार दाबतांच आवाज सुरू होतो, पुन्हा दाबतां थांबतो. आवाज चालू असतां डावी वा उजवी बाणकळ एकेक सेकंद मागें वा पुढें नेते. तीच शिफ्टसह दाबल्यास १५ सेकंदांची उडी पडते. शिटी सुरू होतांच डाव्या चौकोनी कंसाची कळ दाबावयाची, संपतांच उजव्या कंसाची. तुकड्याच्या दोन्ही सीमा आंखल्या गेल्या.

पण बोट नेहमीं कानाच्या मागून येतें. डावी खूण उशिरां पडली कीं शिटीचें तोंड बाहेर राहतें. उजवी उशिरां पडली कीं श्वास कात्रींत सांपडतो. म्हणून सीमा तपासाव्या लागतात. आज्ञांचा पूर्ण संच निवडलेला असल्यास शिफ्टसह एफ-५ ही कळ आरंभसीमेच्या अलीकडचा क्षण ऐकविते, एफ-६ पलीकडचा. एफ-७ आणि एफ-८ ह्या अंतसीमेबाबत तेंच करतात. एफ-७ ऐकतांना श्वास ऐकूं आला, तर तो तुकड्यांत अडकला असें समजावें. शिफ्ट आणि बाण ह्यांनीं सीमा बाहेर सरकते. जोडीला कंट्रोल दाबल्यास आंत येते. गंमत अशी कीं, हें पाऊल केवढें पडावें तें चित्र किती मोठें केलें आहे त्यावर ठरतें. म्हणून न दिसणारें चित्रही मुलीला मोठें करावें लागतें.

सीमा जमल्या कीं 'सी' ही कळ तुकडा वगळून आसपासचा भाग वाजवून दाखविते. कापण्यापूर्वींच कापल्याचा परिणाम कानीं पडतो. लहर मध्यरेषेवर नसतां कापली तर सांध्यावर 'टक्' असा आवाज येतो. 'झेड' ही कळ दोन्ही सीमा जवळच्या मध्यरेषेच्या बिंदूंवर नेऊन बसविते. मग डिलीट. चुकलेंच, तर कंट्रोल आणि झेड मिळून कापलेलें परत आणतात. फितीवरील पात्याला ही दया ठाऊक नव्हती.

अडचणी नाहींत असें नाहीं. स्क्रीन रीडर बोलूं लागला कीं आजीचा आवाज आणि यंत्राचा आवाज एकमेकांवर आदळतात. तेव्हां कंट्रोल दाबून यंत्राला गप्प करावें लागतें. नवें मुद्रण करतांना हेडफोन न वापरल्यास यंत्राची बडबडही मुद्रणांत उतरते. मोठी अडचण मात्र अंधत्वाची नसून निष्काळजीपणाची आहे. कित्येक आज्ञावलींत बटनांवर सुंदर चित्रें असतात, पण त्यांना नांव दिलेलें नसतें. स्क्रीन रीडर बिचारा 'बटन, बटन' एवढेंच म्हणत राहतो. नांव देण्यास कर्त्याला एखादी ओळ लिहावी लागते. तेवढी न लिहिल्यानें एका माणसापुढें दार बंद होतें.

शेजारच्या डोळस मुलाकडून हें काम दोन मिनिटांत झालें नसतें काय, अशी शंका वाचकांच्या मनांत येईल. झालें असतें. परंतु चित्रांत तो श्वास म्हणजे सपाटीवरची एक बारीक थरथर; घाईंत शिटीबरोबर तीही सहज पुसली गेली असती. अंधांचा कान जन्मतःच अधिक तीक्ष्ण असतो असें नाहीं. तो संवयीनें तयार होतो. पण कोणता आवाज कचरा आणि कोणता आजीचा, हें ठरविण्याचा अधिकार त्या नातीचा आहे. कळफलकानें तिला काम दिलें हें थोडें. निर्णय तिच्या हातीं परत दिला, हें मोठें.