एका दिवसाचं नागपूर

"बापू, एकाच दिवसात सारं दाखवजो. उद्या वेचनीले जा लागते मले," आजीनं ड्रायव्हरला बजावलं आणि भाकरी-ठेच्याचा डबा मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली. पहाटेचे चार. यवतमाळच्या आमच्या वस्तीतल्या विहारासमोर गाडी लागली होती. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून ही सहल दिवाळीनंतरची. कापूस फुटलेला, मजूर मिळेना, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्नच नव्हता. कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी असं दीडशेएक किलोमीटर जायचं आणि रात्री परत.

आशियातल्या मोठ्या शहरांत एका दिवसात बुद्धमंदिरं पाहणारे पुष्कळ. बँकॉकमध्ये ते राजांची मंदिरं पाहतात. वाट फ्रा केव पहिल्या रामानं 1782च्या सुमारास नव्या राजधानीबरोबरच उभारलं. नागपुरात असा राजा शोधून सापडायचा नाही. आमच्या यादीतलं सगळं 1956 नंतरचं, म्हणजे आजीच्या हयातीतलं.

दीक्षाभूमीची जागा तेव्हा व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटचं मोकळं मैदान होती. 14 ऑक्टोबर 1956, अशोक विजयादशमी. कुशीनाऱ्याचे वयोवृद्ध महास्थविर चंद्रमणी यांनी बाबासाहेब आंबेडकरांना आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना त्रिशरण-पंचशील दिलं. पुढचं मात्र परंपरेला अनोळखी होतं. समोरच्या लाखोंना दीक्षा कुणा भिक्खूनं दिली नाही. चीवर न घेतलेल्या गृहस्थानं, खुद्द बाबासाहेबांनी दिली, 22 प्रतिज्ञांसह. नागपूरच का, याचा खुलासा त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात केला: बुद्धाचा धम्म पसरवणारे नाग लोक या भागातले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचं मुख्यालय इथं आहे म्हणून ही जागा निवडली, हा तर्क त्यांनी साफ झटकला. 16 तारखेला चंद्रपूरला दीक्षा झाली, आणि 6 डिसेंबरला ते गेले.

स्तूपाचा आराखडा वास्तुविशारद शिवदान मल यांचा. घाट सांचीचा, पण सांचीचा स्तूप भरीव आहे, त्याला बाहेरूनच प्रदक्षिणा घालावी लागते. हा पोकळ. आजीनं घुमटाखाली मान वर करून विचारलं, "आत काय भरलं हाय?" काहीच नाही म्हटल्यावर म्हणाली, "बरं झालं. बसाले जागा झाली." आणि बसलीच. स्तूपावरचं इतकं नेमकं भाष्य मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. उद्घाटन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते 18 डिसेंबर 2001 रोजी झालं, दीक्षेनंतर पंचेचाळीस वर्षांनी.

तिथून कामठी रस्ता. इंदोऱ्याचं विहार म्हणजे भदंत सुरई ससाई यांचं; जपानहून आलेला हा भिक्खू नागपूरकरच होऊन गेला. पुढं नागलोकचा भव्य बुद्ध. तो ध्यानाला बसलेला नाही, चालतो आहे. देशभरातली मुलंमुली तिथल्या नागार्जुन प्रशिक्षण संस्थेत धम्म शिकायला येतात. आम्हाला जेमतेम पंधरा मिनिटं मिळाली.

कामठीचं ड्रॅगन पॅलेस 1999चं. जपानच्या नोरिको ओगावा यांच्या दानातून आणि सुलेखा कुंभारे यांच्या पुढाकारानं झालेलं. आत चंदनाची बुद्धमूर्ती, बाहेर राखलेली हिरवळ. फोटो सगळ्यांनी इथंच काढले, त्यात वावगं काही नाही. पण कामठीला येऊन बाबू हरदास एल. एन. यांचं नाव न घेता परतणं मला पटत नाही. विडी कामगारांचा हा पुढारी 1937 साली आमदार झाला आणि 1939च्या जानेवारीत, ऐन तारुण्यात वारला. 'जय भीम' हे अभिवादन रूढ केल्याचं श्रेय त्याला देतात. गाडीत चढताना आम्ही एकमेकांना जे म्हणालो, ते या गावचं.

मनसरची टेकडी राहिली, ती राहू द्या. तिथल्या उत्खननात जगत्पती जोशी आणि अरुणकुमार शर्मा यांना बौद्ध अवशेष दिसले. हान्स बाकर यांच्यासारखे अभ्यासक तिथं वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचं प्रवरपूर पाहतात. हा वाद अर्ध्या तासात पाहून होत नाही.

चिचोली राहिली, ती मात्र चूक झाली. काटोल रस्त्यावरचं हे शांतिवन 1956च्या दीक्षा सोहळ्याचं संयोजन करणाऱ्या वामनराव गोडबोले यांनी उभं केलं. बाबासाहेबांचे सहायक नानकचंद रत्तू यांनी जपलेल्या वस्तू तिथं आल्या. यवतमाळकडून येणाऱ्या गाड्या दक्षिणेकडून शहरात शिरतात, चिचोली पडते वायव्येला. त्यामुळे ती यादीत शेवटी जाते आणि अंधार पडला की गळते. आमचंही तेच झालं. पुढच्या आठवड्यात मी एकटा गेलो. बाबासाहेबांचे कपडे, आणि ज्यावर घटनेचा मसुदा टंकलिखित झाल्याचं सांगतात तो टाइपरायटर. अंगरख्याच्या शिवणीपाशी मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. घुमटाखाली बाबासाहेब फार मोठे वाटतात. इथं त्यांचं माप कळतं, खांद्याचं आणि बाहीचं.

तेव्हा यवतमाळहून गाडी करणार असाल तर ड्रायव्हरला बुटीबोरीलाच सांगून ठेवा: शहरात शिरायचं नाही, आधी काटोल रस्ता. चिचोली सकाळी, दीक्षाभूमी दुपारी, कामठी दिवेलागणीला. आणि डबा चिचोलीलाच सोडा.