मज्जारज्जूची इजा आणि पोट साफ करणाऱ्या वनस्पती

मज्जारज्जूला इजा झाली की पायांबरोबर आतड्याचाही मेंदूशी असलेला संपर्क तुटतो. मोठ्या आतड्याची हालचाल मंदावते, मळ आत राहून कोरडा पडतो. शौचाची जाणीव आणि गुदद्वारावरचा ताबा कमी होतो किंवा पूर्ण जातो. मग घरात इसबगोल, त्रिफळा, एरंडेल, सोनामुखी यांची चर्चा सुरू होते. यातली काही औषधे खरोखर उपयोगी आहेत, पण इजा कुठे आहे हे पाहूनच ती निवडावी लागतात.

शौचाचे केंद्र मज्जारज्जूच्या खालच्या टोकाशी असते. इजा त्याच्या वर असेल तर गुदद्वार आवळलेले राहते, पण प्रतिक्षिप्त क्रिया शिल्लक असते. ग्लोव्ह घालून, जेली लावलेले बोट आत 15-20 सेकंद हलके गोल फिरवले की आतडे स्वतःहून मळ पुढे ढकलते. इथे मळ मऊ, पण बांधलेला हवा. इजा त्या केंद्रालाच किंवा खालच्या नसांना असेल तर ही क्रिया उरत नाही, गुदद्वार सैल पडते आणि मळ बोटानेच काढावा लागतो. तो घट्टसर असलेलाच बरा. पातळ झाला की दिवसभर गळतो.

इसबगोलाचा भुसा ग्लासभर पाण्यात टाकला की काही मिनिटांत बुळबुळीत लगदा होतो. आतड्यात हेच घडते, म्हणून त्याला भरपूर पाणी लागते. कॅथेटरच्या वेळा सांभाळण्यासाठी पाणी मोजून पिणाऱ्या रुग्णात तोच भुसा घट्ट गोळा होऊन अडकू शकतो. जास्त चोथा म्हणजे लवकर शौच, हा हिशेबही इथे चुकतो: 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात कोंडा वाढवल्यावर अशा रुग्णांच्या मोठ्या आतड्यातून मळ पुढे सरकायला उलट जास्त वेळ लागला.

सोनामुखीचे काम वेगळे. तिच्यातले सेनोसाइड मोठ्या आतड्यापर्यंत न पचता पोचतात, तिथले जिवाणू ते फोडतात आणि आतडे आकुंचन पावू लागते. याला साधारण 6 ते 12 तास लागतात. त्यामुळे रात्री गोळी, सकाळी नाश्ता आणि त्यानंतर अर्ध्या तासात शौचाला बसणे, असा क्रम जुळतो. रोज ठरलेली वेळ पाळणे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. चूर्णात सेनोसाइडचे प्रमाण कमीजास्त असते, म्हणून ठरावीक मात्रेची गोळी बरी. बाजारातल्या अनेक चूर्णांत सोनामुखी असतेच. दोन्ही घेतल्यास मात्रा नकळत दुप्पट होते, जुलाब होतात, पोटॅशियम घटते.

त्रिफळा सौम्य आहे, पण या रुग्णांवर त्याचा पुरेसा अभ्यास नाही. एरंडेल टाळावे. त्याने पातळ जुलाब होतात, वेळेचा भरवसा नसतो, आणि संवेदना नसलेली त्वचा ओली राहून बेडसोअर होतात.

अचानक पातळ शौच होऊ लागले तर तो जुलाबच असेल असे नाही. आत खडा धरलेला असतो आणि पातळ मळ त्याच्या कडेने वाट काढतो. रेचक बंद करण्याआधी किंवा वाढवण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असेल तर तुंबलेल्या आतड्याने रक्तदाब एकाएकी चढतो: डोके ठणकते, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटतो. अशा वेळी रुग्णाला ताठ बसवावे, कपडे सैल करावेत, कॅथेटर कुठे अडला आहे का पाहावे आणि लगेच रुग्णालय गाठावे.