एक पायरी मागे ते मूळ अबाधित

१९८४ साली ॲपलच्या मॅकिन्टॉशबरोबर मॅकपेंट हे चित्र काढण्याचे सॉफ्टवेअर आले, तेव्हा त्या संगणकाची मेमरी अवघी १२८ किलोबाइट होती. तरीही ते लिहिणाऱ्या बिल ॲटकिन्सन यांनी खिडकीतल्या चित्राच्या दोन प्रती मेमरीत ठेवल्या: एक आत्ताची, दुसरी शेवटच्या मोठ्या बदलाआधीची. अनडू केले की जुनी प्रत परत येई. इतक्या टंचाईतही चूक सुधारण्यासाठी जागा राखली गेली, हे मला फार मोलाचे वाटते.

१९९० मध्ये थॉमस आणि जॉन नोल या भावांचे फोटोशॉप बाजारात आले. त्यातही अनडू एकाच पायरीचे होते. दुसऱ्यांदा तीच कळ दाबली, की पुसलेला बदल पुन्हा हजर. त्याआधीचे काही परत हवे असेल, तर आधी सेव्ह केलेली फाइल उपयोगी पडे.

१९९८ च्या फोटोशॉप ५.० ने हिस्टरी पॅलेट दिले. केलेल्या पायऱ्यांची यादी समोर आली. हवी ती निवडून मागे जाता येऊ लागले. हिस्टरी ब्रशने तर चित्राचा तेवढाच भाग जुन्या स्थितीत नेता येई. पण फाइल बंद झाली की यादी पुसली जाई. शिवाय पाचवी पायरी नको असेल, तर एरवी तिच्यानंतरचे सगळे कामही सोडावे लागे.

या अडचणीवरचा उपाय अनडूच्या बाहेर, आधीच आकार घेत होता. १९९४ च्या ३.० आवृत्तीत लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक वेगळे थर, आले, १९९६ च्या ४.० मध्ये ॲडजस्टमेंट लेयर. उजळपणा किंवा रंगातला बदल आता मूळ पिक्सेलवर न गिरवता, सूचना म्हणून वेगळा ठेवता येऊ लागला. २००५ मध्ये मूळ चित्र आत जपून ठेवणारे स्मार्ट ऑब्जेक्ट आले. २००७ च्या लाइटरूमने तर सगळे काम याच तत्त्वावर उभे केले: मूळ फोटोला हात लागत नाही, बदलांच्या सूचना कॅटलॉगमध्ये राहतात आणि वर्षभरानेही त्यातली एकच बदलता येते. २०२५ च्या ३.० आवृत्तीमुळे फिल्टरच्या बाबतीत ही सोय गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही मिळाली.

फोटोशॉपमध्ये अनडूची कळ, कंट्रोल-झेड, एकामागून एक पायऱ्या मागे नेऊ लागली, ते मात्र २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये.

या प्रवासातली खरी कमाई मागे जाण्याच्या पायऱ्या वाढल्या ही नाही. मूळ न मोडता प्रयोग करता येऊ लागले, ही आहे. म्हणून नवशिक्याला कंट्रोल-झेड शिकवतो, त्याच दिवशी लेयरही शिकवायला हवा.