आर्थिक मत एक, सामाजिक मत दुसरे

आर्थिक प्रश्न : कर, सरकारी खर्च, तूट, परवाने. सामाजिक प्रश्न : विवाह, धर्म, जात, दारूबंदी. दोन्हींवरची मते एकाच बाजूची असतातच असे नाही.

• अमेरिकेत डेव्हिड नोलन यांनी १९७१ मध्ये हे दोन अक्ष वेगळे दाखवणारा तक्ता प्रसिद्ध केला. त्यांच्याच पुढाकाराने निघालेला लिबर्टेरियन पक्षही त्याच वर्षीचा.

• भारतातले सर्वांत बोलके उदाहरण : स्वतंत्र पक्ष. स्थापना १९५९, पहिले अधिवेशन मुंबईत. परमिट राज आणि काँग्रेसच्या नागपूर ठरावातील सहकारी शेती यांना विरोध. मूलतत्त्वांबाहेरच्या प्रश्नांवर मात्र सदस्यांना मतस्वातंत्र्य.

• पक्षाचे संस्थापक राजाजी खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते, तितकेच दारूबंदीचे कट्टर समर्थक. मद्रास प्रांताचे सरकार चालवताना १९३७ मध्ये त्यांनी सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली. बुडालेला अबकारी महसूल भरून काढण्यासाठी १९३९ मध्ये विक्रीकर लावला. कमी करांचा आग्रह धरणाऱ्या पक्षाच्या नेत्याचा हा जुना निर्णय लक्षात ठेवण्याजोगा. १९७१ मध्ये तमिळनाडूने दारूबंदी उठवली, तेव्हा ९२ वर्षांचे राजाजी विरोधात उभे राहिले.

• स्वतंत्र पक्षाच्या लोकसभेतील जागा : १९६२ – १८, १९६७ – ४४ (सर्वांत मोठा विरोधी पक्ष), १९७१ – ८. पक्ष १९७४ मध्ये भारतीय लोकदलात विलीन झाला.