दरसालची शाकारणी

कोकणात मृगाच्या आधी कौले उतरवून, फुटकी बाजूला काढून आणि वासे-रिपा तपासून घर पुन्हा शाकारावे लागते; गेल्या साली शाकारले होते ही सबब पाऊस ऐकून घेत नाही, आणि ज्या घराची शाकारणी लागोपाठ दोन वर्षे चुकली, त्याच्या मातीच्या भिंती तिसऱ्या पावसात उभ्या राहतील अशी हमी कोणी देत नाही. संगणकावरील कार्यक्रमांविषयी सामान्य वाचकाची समजूत मात्र अशी असते की, ते एकदा लिहून झाले म्हणजे छापील ग्रंथाप्रमाणे जसेच्या तसे राहतात. टॅबलेटवर रोज सकाळी ज्या अ‍ॅपमधून आपण बातम्या वाचतो ते काल होते तसेच आज दिसते, आणि ते तसे दिसावे म्हणून कोणीतरी वर्षभर राबलेले असते, ही गोष्ट सहसा ध्यानी येत नाही. म्हणून अशा एका अ‍ॅपची आणि त्याचा प्रतिपाळ करणाऱ्या एका गृहस्थाची हकीकत येथे सांगावयाची आहे.

अ‍ॅपचे नाव नेटन्यूजवायर. सिअ‍ॅटल येथील ब्रेंट सिमन्स यांनी ते २००२ साली मॅक संगणकासाठी प्रथम प्रसिद्ध केले, आणि ३ एप्रिल २०१० रोजी आयपॅड विक्रीस आला त्या पहिल्याच दिवशी त्याची टॅबलेटसाठीची आवृत्ती सिद्ध होती. त्याचे कार्य कळण्यासाठी ‘फीड’ ही वस्तू आधी समजून घ्यावयास हवी. वृत्तपत्रे, नियतकालिके आणि अनुदिनी यांची बहुसंख्य संकेतस्थळे आपल्या नव्या मजकुराची एक साधी यादी ठराविक नमुन्यात मांडून ठेवतात: मथळा, तारीख, सारांश किंवा संपूर्ण लेख, आणि मूळ लेखाचा पत्ता. हा नमुना १९९९ च्या मार्च महिन्यात नेटस्केप कंपनीत डॅन लिबी आणि मद्रासच्या आय. आय. टी. चे माजी विद्यार्थी रामनाथन गुहा यांनी तयार केला. पुढे कंपनीने त्याच्यावरून लक्ष काढून घेतले, डेव्ह वायनर यांनी २००२ साली त्याला स्थिर रूप दिले, आणि दुसऱ्याच वर्षी त्याचे हक्क हार्वर्ड विद्यापीठातील बर्कमन केंद्राकडे सोपवले. कोणा एका व्यापाऱ्याच्या मुखत्यारीत न राहिल्यामुळेच तो नमुना आजतागायत टिकला असे माझे मत आहे.

वाचकाने पसंत केलेल्या स्थळांच्या अशा याद्या गोळा करून एका जागी मांडणे, हे या अ‍ॅपचे काम. त्यात कोणती बातमी वर आणि कोणती खाली हे कोणी तिऱ्हाईत ठरवीत नाही. वाचकाची निवड आणि कालानुक्रम एवढीच तेथील व्यवस्था. वाचकाचे लक्ष जेथे अहोरात्र लिलावास काढले जाते अशा काळात, जे मी मागितले तेवढेच आणि ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने माझ्यापुढे ठेवणारे हे साधन मला फार मोलाचे वाटते.

काम सोपे वाटते खरे. एखाद्या विश्वासू कारकुनाने ठराविक वेळाने प्रत्येक दाराशी जाऊन, ‘मागल्या खेपेनंतर काही नवे?’ असे विचारावे, तसे हे अ‍ॅप प्रत्येक स्थळाला विचारते. नवे काही नसेल तर पलीकडचा संगणक ३०४ हा आकडा उत्तरादाखल पाठवतो, त्याचा अर्थ ‘जैसे थे’, आणि सबंध यादी पुन्हा पाठवण्याचे श्रम वाचतात. ही चौकशी नीट न करता दर खेपेस सगळी यादी ओढून आणणारे अ‍ॅप हजारो वाचकांच्या टॅबलेटवर असेल, तर एखाद्या लहानशा स्थळाच्या मालकावर त्याचा हकनाक भार पडतो. म्हणजे चांगल्या कर्त्याला ज्यांची कधी गाठ पडणार नाही अशा माणसांच्या खर्चाचीही काळजी वाहावी लागते. शिवाय याद्यांचे व्याकरण कठोर असले तरी त्या लिहिणारे तितके कठोर नसतात. ‘आणि’ या अर्थाचे इंग्रजी चिन्ह योग्य खुणेवाचून पडले की नियमाप्रमाणे सबंध यादीच अग्राह्य ठरते. कोणी तारीख भलत्याच नमुन्यात लिहितो, कोणी भारतीय वेळेचा साडेपाच तासांचा फरक नोंदवायला विसरतो, आणि मग संध्याकाळची बातमी उद्याच्या मध्यरात्रीची म्हणून सर्वांच्या डोक्यावर जाऊन बसते. चूक संकेतस्थळाची, तक्रार मात्र अ‍ॅपकडे. यातले काय उदारपणे सांभाळून घ्यावयाचे आणि काय नाही, याचे निर्णय पुस्तकात सापडत नाहीत; ते वर्षानुवर्षांच्या अनुभवाने साचतात.

वाचलेले आणि न वाचलेले यांची नोंद हे याहून बिकट प्रकरण आहे. फोनवर वाचलेली बातमी टॅबलेटवर पुन्हा ‘नवी’ म्हणून उभी राहू नये, यासाठी एक सामाईक दप्तर कोठे तरी असावे लागते, आणि २००५ साली गूगलने सुरू केलेले गूगल रीडर हे अनेक वर्षे जणू सर्वांचेच दप्तर होऊन बसले होते. ते विनामूल्य होते आणि भक्कम होते. म्हणून एकेकट्या कर्त्यांनी आपापली अ‍ॅपे त्याच्या आधारावर उभारली. २०१३ च्या मार्चमध्ये गूगलने ते बंद करण्याचे जाहीर केले आणि १ जुलैस ते बंद झाले. साडेतीन महिन्यांच्या त्या मुदतीत ज्यांना आपल्या घराचा पायाच बदलावा लागला, त्यांत स्वित्झर्लंडचे सिल्व्हिओ रिझ्झी हे एकट्याने काम करणारे गृहस्थ होते. त्यांच्या रीडर (Reeder) या लोकप्रिय अ‍ॅपची फीडबिन, फीडली इत्यादी सेवांशी जोडलेली नवी आवृत्ती आयपॅडसाठी त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आली. ज्यांना ते जमले नाही त्यांची अ‍ॅपे मूकपणे नाहीशी झाली.

नेटन्यूजवायरच्या नशिबी यापूर्वीच वेगळे स्थित्यंतर आले होते. २००५ साली सिमन्स यांनी ते न्यूजगेटर या कंपनीस विकले आणि स्वतः तेथे नोकरीस गेले. २०११ साली अ‍ॅप ब्लॅक पिक्सेल या कंपनीकडे गेले. २०१८ च्या ऑगस्टअखेर त्या कंपनीने नेटन्यूजवायर हे नाव सिमन्स यांना परत केले, त्या वेळी ते एव्हरग्रीन या नावाने नवे वृत्तवाचक अ‍ॅप मुळापासून लिहीतच होते. त्याच नव्या घरावर जुन्या नावाची पाटी चढली: २०१९ च्या ऑगस्टमध्ये मॅकसाठी, आणि २०२० च्या मार्चमध्ये आयफोन व आयपॅडसाठी. या खेपेस ते विनामूल्य होते आणि त्याचा मूळ संहितापाठ कोणासही पाहण्यास, वापरण्यास आणि दुरुस्त करण्यास खुला होता. ज्याने आपले निर्माण एकदा परस्वाधीन झालेले पाहिले, त्याने ते पुन्हा हाती येताच सर्वांच्या स्वाधीन करावे, हे मला या हकीकतीतले सर्वांत उदात्त पान वाटते.

आता शाकारणीकडे वळू. अ‍ॅपल कंपनी दर जूनमध्ये आपल्या प्रणालीची पुढची आवृत्ती जाहीर करते आणि बहुधा सप्टेंबरमध्ये ती वाचकांच्या यंत्रांवर उतरते. मधले तीन महिने म्हणजे स्वतंत्र कर्त्याचा वैशाख. आयपॅडचा पडदा प्रथम १०२४ बाय ७६८ बिंदूंचा होता, २०१२ साली तो दोन्ही अंगांनी दुप्पट सूक्ष्म झाला, आणि सारी चित्रे-चिन्हे नव्याने काढावी लागली. २०१३ साली सबंध रूपच पालटले. २०१५ साली एका पडद्यावर दोन अ‍ॅपे शेजारी-शेजारी मांडण्याची मुभा आली, त्याबरोबर स्थळे, मथळे आणि मजकूर असे तीन रकाने ऐसपैस मांडणाऱ्या वृत्तवाचकाला अर्ध्या, एक-तृतीयांश जागेतही सुबक राहण्याची कला शिकावी लागली. २०१७ साली ३२ बिटांची जुनी अ‍ॅपे चालेनाशी झाली. २०१९ साली काळ्या पार्श्वभूमीचा देखावा आला. वेबवरील मजकूर अ‍ॅपच्या आत दाखवणारा जो घटक, जो वृत्तवाचकाचा प्राणच म्हणावयाचा, त्याचे जुने रूप वापरणारी नवी अ‍ॅपे २०२० च्या एप्रिलपासून स्वीकारली जाईनाशी झाली. हे बदल कोणी मागितलेले असोत वा नसोत, प्रत्येकाचा भार कर्त्यावर. बाहेरच्यांच्या फर्मानांचे आणखी निराळे: ट्विटरवरील मजकूर वाचण्याची नेटन्यूजवायरमध्ये केलेली सोय, २०२३ साली ट्विटरने विनामूल्य प्रवेश बंद केल्यावर, काढून टाकावी लागली. मेहनतीने बांधलेली खोली स्वतःच्या हाताने पाडण्याचा हा प्रसंग.

या श्रमांचा जमाखर्च पाहिला तर तो विषमच निघतो. अ‍ॅप अ‍ॅपलच्या दुकानात ठेवण्यासाठी कर्त्याने वर्षास ९९ डॉलर भरावयाचे, विक्रीतून दुकानदाराने ३० टक्के कापून घ्यावयाचे, किंवा २०२१ पासून, वार्षिक उत्पन्न दहा लाख डॉलरांच्या आत असेल तर १५ टक्के. आणि वाचकाने एकदा दिलेल्या किमतीवर पुढे कित्येक वर्षांच्या शाकारणीची अपेक्षा ठेवावयाची. म्हणूनच अनेकांनी दरमहा वा दरसाल वर्गणीचा मार्ग धरला. त्याबद्दल वाचक कुरकुरतात, ते मला न्याय्य वाटत नाही. ज्याचे काम दरसाल करावे लागते त्याचा मोबदलाही दरसालच असावयास हवा. सिमन्स यांनी मात्र मोबदलाच नाकारला आहे. त्यांनी उपजीविका दुसऱ्या नोकरीवर चालवली आणि अ‍ॅपचे काम फावल्या वेळी, स्वयंसेवकांच्या साह्याने केले; देणगी देऊ इच्छिणाऱ्यांस ते नम्रपणे नकार देतात.

पैसे नाही तर वाचकाने द्यावे काय? एक गोष्ट कोणालाही देता येण्याजोगी आहे, ती म्हणजे नीट लिहिलेली तक्रार. ‘अ‍ॅप चालत नाही’ एवढ्या तीन शब्दांवरून एकटा माणूस काहीच शोधू शकत नाही. कोणते यंत्र, प्रणालीची कोणती आवृत्ती, कोणते फीड, काय केले असता काय झाले, आणि पुन्हा तसेच केले असता पुन्हा तसेच होते काय, एवढे कळवले तर त्याची एक रात्र वाचते. मराठी वाचकांनी तर हे आवर्जून करावे. आपल्या ल आणि श यांची वळणे हिंदीहून निराळी आहेत, ती पडद्यावर उमटणे न उमटणे हे टंकावर आणि मजकुराची भाषा कोणती नोंदली आहे यावर अवलंबून असते. सिअ‍ॅटलमधल्या माणसाला यातला फरक आपण दाखवल्याशिवाय दिसणार कसा?

दुसरी गोष्ट सिमन्स स्वतःच सुचवतात: पैसे देण्याऐवजी तुमचे लेखन मोठ्या कंपन्यांच्या अंगणात न टाकता स्वतःच्या अनुदिनीत लिहा. वर्डप्रेस काय किंवा ब्लॉगर काय, दोन्ही ठिकाणी लिहिणाऱ्याने काहीही न करता फीड आपोआप तयार होते, आणि कित्येक मराठी लेखकांना आपल्या लेखनाला असे दार आहे हे ठाऊकही नसते. माझ्या यादीत अशा काही मराठी अनुदिनी आहेत. त्यांतली एक वर्षातून दोनदा-तीनदाच हलते. पहाटे टॅबलेट उघडल्यावर तिच्या नावापुढे एकचा आकडा उमटलेला दिसला, की त्या दिवशी बाकी सारी वर्तमानपत्रे चहानंतर.