आउटपासवर परतलेली आई

क्रॉफर्ड मार्केटजवळचा मुसाफिरखाना म्हणजे परदेशी अत्तरं, साबण, चॉकलेटं मिळण्याचं मुंबईतलं जुनं ठिकाण. दोन वर्षांपूर्वी विमानतळावरून घरी जाताना एका भावानं मुद्दाम टॅक्सी तिकडे वळवली. मागच्या सीटवर मी आणि त्याची बहीण बसलो होतो. आखातातल्या तुरुंगातून सुटून ती दीड तासापूर्वीच उतरली होती. सामान म्हणजे एक प्लास्टिकची पिशवी. तिच्यात एक ओढणी, औषधाची चिठ्ठी आणि आउटपासची, म्हणजे पासपोर्टऐवजी परतीसाठी वकिलातीनं दिलेल्या तात्पुरत्या कागदाची, झेरॉक्स. भावानं चॉकलेटचे दोन डबे आणि सेंटची एक बाटली आणून त्या पिशवीत ठेवली. शेजारीपाजारी, आणि तिच्या सात वर्षांच्या मुलीलाही, ‘आई दुबईला नोकरीला आहे’ असंच सांगितलेलं होतं.

भावाला मी दोष देत नाही. पण अशा बायकांविषयी आपल्याकडे जे समज घट्ट बसलेत, त्यातूनच ही चॉकलेटं विकत घ्यावी लागतात.

गैरसमज : तुरुंगात होती म्हणजे काहीतरी केलंच असणार.

2025 च्या मार्चमध्ये सरकारनं संसदेत दिलेल्या माहितीनुसार परदेशी तुरुंगांत 10 हजारांहून अधिक भारतीय होते. सौदी अरेबियात आणि संयुक्त अरब अमिरातीत प्रत्येकी अडीच हजारांच्या वर. यात खटला अजून चालू असलेलेही मोजलेले आहेत, हे आपण विसरतो. काहींनी गुन्हा केलेला असतोच. पण घरकामाला गेलेली बाई आत कशी जाते, ते समजून घ्यायला हवं. तिचा तिथला परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. पगार मिळत नाही, मारहाण होते, म्हणून ती बाहेर पडली आणि मालकानं ‘पळून गेली’ अशी तक्रार केली, की ती बेकायदा रहिवासी ठरते. मालकानं छळलं म्हणून घर सोडणं हाच तिचा गुन्हा होऊन बसतो.

दुसरं कारण गरोदरपणाचं. कतार आणि सौदी अरेबियात विवाहबाह्य संबंध हा गुन्हा आहे, आणि पोट लपत नाही. ज्या घरात काम करते तिथल्याच पुरुषानं अत्याचार केला असेल, तर तक्रार करायला जाणारी बाईच अडकू शकते. अमिरातीनं जानेवारी 2022 पासून कायदा थोडा सैल केला. आता आई-वडिलांनी लग्न केलं, किंवा दोघांनी वा एकानं मूल आपलं म्हणून स्वीकारून त्याचे कागद केले, तर शिक्षा टळते. त्याआधी आत गेलेल्या बायकांना त्याचा काय उपयोग?

तिसरं, दुसऱ्याचं सामान. 2019 च्या जुलैमध्ये मुंबईचं एक जोडपं नातलगानं काढून दिलेल्या तिकिटावर दोह्याला गेलं. त्यांच्याकडे सोपवलेल्या सामानात चार किलोंहून अधिक चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती. मुलगी तुरुंगातच जन्मली. फेरसुनावणीत 2021 च्या मार्चमध्ये दोघंही निर्दोष ठरले आणि एक वर्षाची लेक घेऊन परतले. ते निर्दोष ठरले नसते, तर त्या लेकराकडे आपण कोणत्या नजरेनं पाहिलं असतं, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

गैरसमज : वकिलातीला सगळं कळतं, तीच सोडवून आणते.

1963 च्या व्हिएन्ना करारानुसार अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीशी संपर्काचा हक्क आहे. पण तिथल्या पोलिसांनी वकिलातीला कळवायचं असतं ते त्या माणसानं तसं मागितलं तर. कित्येक देश तर कैद्याची संमती असल्याशिवाय माहितीच देत नाहीत. लाजेपायी, किंवा गावाकडे कळेल या भीतीनं, बाई ‘नको’ म्हणते आणि महिनोन्‌महिने तिचा पत्ता लागत नाही. म्हणून घरच्यांनी वाट पाहत बसू नये. परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. 2009 पासून वकिलातींकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. गरजूंना त्यातून वकील, परतीचं तिकीट, किरकोळ दंडाची रक्कम मिळू शकते. शिक्षा रद्द करण्याचा अधिकार मात्र वकिलातीला नाही.

गैरसमज : भारतात आणलं की सुटली.

कैदी हस्तांतरणाचा 2003 चा कायदा उरलेली शिक्षा मायदेशी भोगण्यासाठी आहे. दोन्ही देश आणि कैदी, तिघांची संमती लागते. तरीही लेकुरवाळीसाठी तो मोलाचा, कारण मुलं निदान भेटायला येऊ शकतात. परदेशी कैदी बाईची मुलं मायदेशी असतील तर हस्तांतरणाचा विचार लवकरात लवकर व्हावा, असं संयुक्त राष्ट्रांच्या 2010 च्या बँकॉक नियमांतही म्हटलेलं आहे.

गैरसमज : परदेशी तुरुंगात जन्मलेलं मूल, बापाचं नाव नाही, म्हणजे ते कुणाचंच नाही.

हा समज सर्वांत घातक, कारण कधी कधी खिडकीपलीकडचा कारकूनही तोच धरून बसतो.

आई भारतीय असेल तर तिच्या नात्यानं मुलाला भारतीय नागरिकत्व मिळू शकतं. मात्र 3 डिसेंबर 2004 नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत व्हावी लागते. उशीर झाला तर केंद्र सरकारची परवानगी लागते, पण दार बंद होत नाही. जन्माची नोंद ही वेगळी बाब. ती तिथे झालेली नसेल आणि कुटुंब कायमचं परत आलं असेल, तर मूल भारतात पोचल्यापासून 60 दिवसांत इथे करता येते. हे 60 दिवस बहुतेक बायकांचे झोप, रडणं आणि नातेवाइकांची तोंडं चुकवणं यात जातात. तिच्यासाठी काही करायचं असेल, तर पहिल्याच आठवड्यात तिच्यासोबत महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जा. बाकीचे उपदेश नंतर.

बापाचं नाव सांगायची सक्ती नाही. अविवाहित आईला ते उघड करायला लावू नये आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयानं 6 जुलै 2015 रोजी स्पष्ट केलं. पासपोर्टच्या अर्जातही 2016 च्या अखेरीपासून आई-वडिलांपैकी एकाचं नाव पुरतं.

शाळेचंही तसंच. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 14 वाचून दाखवा. एकल आईच्या मुलासाठी बालसंगोपन योजनेतून महिन्याला 2,250 रुपये मिळू शकतात. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालय गाठायचं. ताबा, पोटगी, एजंटाविरुद्ध तक्रार, यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. स्त्रियांना आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

गैरसमज : आता तिला पासपोर्ट मिळणारच नाही.

आउटपास एका प्रवासापुरता असतो, त्यामुळे नवा अर्ज करावाच लागतो. पासपोर्ट कायद्यात गेल्या पाच वर्षांतल्या शिक्षेमुळे नकार देण्याचं जे कलम आहे, ते भारतातल्या न्यायालयानं दिलेल्या शिक्षेबद्दल बोलतं. परदेशातल्या शिक्षेचा शिक्का आपोआप लागत नाही. ज्या देशानं हद्दपार केलं, तिथली बंदी मात्र राहू शकते.

गैरसमज : मुलं लहान आहेत, त्यांना काही कळत नाही.

आईबरोबर आत राहिलेलं एक चार वर्षांचं पोर मी पाहिलंय. उघड्या दारासमोर ते थांबून राहायचं, कुणीतरी ‘जा’ म्हणेपर्यंत. आजी म्हणायची, किती शहाणं आहे. ते शहाणपण नव्हतं. दार आपण होऊन ओलांडायचं असतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. अशा मुलाला रागावून उपयोग नाही. रोज त्याच्यासोबत तोच उंबरठा ओलांडावा लागतो.

मागे राहिलेल्या मुलांचं दुखणं वेगळं. आई पैसे पाठवत नाही, फोन करत नाही, म्हणजे ती आपल्याला विसरली, असा अर्थ मूल लावतं. खरं सांगितलं तर ते मोडेल ही भीती मोठ्यांची. मूल मोडतं ते विसरले गेल्याच्या समजानं. वयाला पेलेल एवढं, सोप्या शब्दांत सांगता येतं, आणि शक्यतो आईनंच सांगावं.

त्या मुसाफिरखान्याच्या चॉकलेटचा एक डबा चार दिवसांत संपला. पाचव्या दिवशी मुलगी रिकामा डबा घेऊन आईजवळ आली. डब्याच्या तळाशी किमतीची चिकटपट्टी होती. दुसरीतली पोर, नुकतीच भरभर वाचायला लागलेली. तिनं विचारलं, “आई, दुबईत पण रुपये असतात का गं?”

आईनं भावाकडे पाहिलं. मग मुलीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, “नाही गं. हे मामानं इथूनच आणलं. मी कुठे होते, ते सांगू तुला?”