मांजराने अन्न सोडले तर...

‘लंघन परमौषध’ असे आपल्याकडे म्हणतात. ताप आला, पोट बिघडले की घरातली वडीलधारी माणसे एक दिवस पोटाला विश्रांती द्यायला सांगतात. निरोगी माणसाच्या बाबतीत त्यात तथ्यही आहे. परंतु हाच न्याय आपण घरातल्या मांजराला लावतो आणि तिथे फसगत होते. कामठी-नागपूरकडे तर उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. त्या दिवसांत मांजर एरवीही थोडे कमीच खाते. ‘उकाड्याने खात नसेल, खाईल उद्या’ असे म्हणता म्हणता तीन-चार दिवस निघून जातात. तेवढे दिवस मांजराच्या जिवावर बेतायला पुरेसे असतात.

याचे कारण मांजराच्या शरीराच्या घडणीत आहे. मांजर हे वाघ-बिबट्याच्या कुळातले, पक्के मांसाहारी जनावर. प्रथिने जाळून शक्ती मिळवण्याचे त्याच्या यकृतातले काम सतत चालू असते. अन्न मिळाले नाही म्हणून ते फारसे मंदावत नाही. उपाशी मांजर त्यामुळे आपलेच स्नायू जाळू लागते. त्याच वेळी अंगावरची चरबी सुटून रक्तावाटे यकृताकडे येते. एवढी चरबी यकृताला झेपत नाही, ती त्याच्या पेशींमध्येच साचते. मग यकृताचे काम बिघडते, मळमळ सुरू होते, आणि मळमळीमुळे मांजर अन्नाकडे बघतही नाही. म्हणजे न खाल्ल्यामुळे आजार आणि आजारामुळे पुन्हा न खाणे, असे चक्र सुरू होते. पुढे कान, हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागतो.

गंमत अशी, की हा धोका गुबगुबीत मांजराला अधिक असतो. ‘चांगले धष्टपुष्ट आहे, चार दिवस नाही खाल्ले तर काय बिघडते?’ ही समजूत म्हणूनच अगदी उलटी आहे. जितकी चरबी जास्त, तितका यकृतावरचा लोंढा मोठा.

तेव्हा एक साधा हिशेब ध्यानात ठेवावा. मोठ्या मांजराने चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्यकांना विचारावे. अठ्ठेचाळीस तास झाले तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. पिल्लाच्या बाबतीत बारा तासही पुष्कळ झाले. रोजच्या निम्म्याहून कमी खाणे तीन-चार दिवस चालले असेल, तर तेही न खाण्यातच धरावे.

भरवण्याचा विचार करण्याआधी मांजर का खात नाही, हे शोधले पाहिजे. सर्दीने नाक चोंदले तर त्याला वास येत नाही, आणि वास आला नाही तर मांजर अन्नाला अन्न समजत नाही. जिभेवर फोड, किडलेला दात, सुजलेल्या हिरड्या असतील तर ते ताटलीपाशी येते, हुंगते आणि मागे सरते. वय झालेल्या मांजरात मूत्रपिंडाचा आजार हे नेहमीचे कारण. संक्रांतीच्या सुमारास पतंगाचा मांजा किंवा शिवणाचा दोरा पोटात गेलेला असू शकतो. असा दोरा तोंडातून वा गुदद्वारातून लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नये, आतडे कापले जाते. बोका वारंवार लघवीला बसतो, कण्हतो आणि थेंबही येत नाही, असे दिसले तर लघवी तुंबली आहे असे समजावे आणि त्याच तासाला निघावे. अशा वेळी भरवत बसणे म्हणजे वेळ घालवणे होय.

याहून गंभीर गोष्ट रेबीजची आहे. खाणेपिणे सोडणे, लाळ गळणे, गिळता न येणे, स्वभाव एकाएकी बदलणे ही त्याचीही लक्षणे असतात. ज्या मांजराला लस दिलेली नाही, जे बाहेर हिंडते, ज्याला अलीकडे कुत्रे किंवा दुसरे मांजर चावल्याचा संशय आहे, अशा मांजराच्या तोंडात बोट घालू नये. त्याला एका खोलीत बंद करून पशुवैद्यकांना कळवावे. मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक लशीची विचारणा करावी.

कारण कळले, औषध सुरू झाले, की पहिला प्रयत्न मांजराने आपणहून खावे असाच असावा. अन्न कोमट करून द्यावे, म्हणजे त्याचा वास सुटतो. फ्रिजमधून काढलेले गार अन्न आजारी मांजर हुंगतही नाही. नाक आणि डोळे कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हळुवार पुसून घ्यावेत. ताटली पसरट असावी, घाण करण्याच्या जागेपासून लांब असावी आणि कूलरच्या आवाजापासूनही दूर असावी. थोडेसे अन्न बोटावर घेऊन ओठाला किंवा पुढच्या पंजाला लावावे, चाटताना चव लागली तर कधी कधी मांजर पुढे खाऊ लागते. पाच-दहा मिनिटांत खाल्ले नाही तर ताटली उचलावी. दिवसभर समोर अन्न ठेवणे आणि दर घटकेला पाच तऱ्हेचे पदार्थ नाकापुढे नाचवणे, याने त्याला अन्नाचा तिटकारा बसतो.

भरवायची वेळ आलीच, तर काय भरवावे? दूध-पोळी किंवा दहीभात नव्हे. पुष्कळशा मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि पोळी-भातातून त्यांना हवी ती प्रथिने मिळत नाहीत. आजारी मांजरासाठी तयार पातळ खाद्य पशुवैद्यकांकडे मिळते, ते उत्तम. ते मिळेपर्यंत घरचा उपाय असा: हाडे काढलेले उकडलेले कोंबडीचे मांस शंभर ग्रॅम आणि एका उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, मांस ज्यात उकडले ते शंभर ते सव्वाशे मिलिलीटर पाणी घालून मिक्सरमधून अगदी बारीक करावे आणि गाळणीतून गाळून घ्यावे. यात मीठ, मसाला काही नको. कांदा आणि लसूण तर मुळीच नको, कारण त्यांनी मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हे खाद्य चार-पाच दिवसांची सोय आहे. त्यात कॅल्शियम आणि मांजराला लागणारी इतर द्रव्ये पुरेशी नसतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हेही डॉक्टरांना विचारूनच द्यावे.

मांस पूर्ण शिजवलेलेच हवे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथे तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने केलेल्या तपासणीत बर्ड फ्लूचा विषाणू निष्पन्न झाला. त्यानंतर २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्येही तो आढळला. हा विषाणू मांजराच्या कुळाला भोवतो आणि कच्च्या कोंबडीतून त्याच्या पोटात जाऊ शकतो. नीट शिजवल्यावर तो टिकत नाही.

आता भरवण्याची रीत. औषधाच्या दुकानातून पाच किंवा दहा मिलिलीटरची सिरिंज आणावी आणि सुई काढून टाकावी. मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळावे, डोके तेवढे बाहेर. त्याला पोटावर बसवावे, पाठीवर कधीही उताणे धरू नये. डोके सरळ, जमिनीला समांतर असावे. लहान मुलाला औषध पाजताना आपण मान मागे करतो, तशी मांजराची मान मागे केली की अन्न श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होतो. भरवण्याच्या नादात मांजर गमावण्याचे हे मोठे कारण आहे. सिरिंजचे टोक समोरून न घालता ओठाच्या कोपऱ्यातून, सुळ्याच्या मागच्या फटीत सरकवावे. एका वेळी अर्धा ते एक मिलिलीटर अन्न जिभेवर सोडावे, गिळू द्यावे, मगच पुढचे. खोकला किंवा ठसका लागला तर लगेच थांबावे. भरवून झाल्यावर तोंड आणि हनुवटी ओल्या फडक्याने पुसावी, कारण तोंड खरकटे राहिले की मांजर अस्वस्थ होते.

मांजर गुंगीत असेल, झटके येत असतील, सारखी उलटी होत असेल, तोंड उघडून धापा टाकत असेल किंवा अंग गार पडले असेल, तर तोंडात काहीही घालू नये, पाणीसुद्धा नाही. ही दवाखान्याची वेळ आहे.

किती भरवावे? आजारी अवस्थेत चार किलोच्या मांजराला दिवसाला सुमारे दोनशे कॅलरी लागतात. वर सांगितलेले खाद्य एका मिलिलीटरला साधारण एक कॅलरी देते, म्हणजे पूर्ण दिवसाचे दोनशे मिलिलीटर झाले. परंतु बरेच दिवस उपाशी असलेल्या मांजराला पहिल्याच दिवशी एवढे देऊ नये. उपाशी शरीरात एकदम अन्न पडले की रक्तातले पोटॅशियम आणि फॉस्फरस झपाट्याने खाली येऊ शकते, आणि तेही जीवघेणे ठरते. पहिल्या दिवशी तिसरा हिस्सा, म्हणजे सत्तर मिलिलीटरच्या आत, सहा वेळांत विभागून दहा-बारा मिलिलीटर द्यावे. दुसऱ्या दिवशी दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पूर्ण. मांजराचे वजन काढायचे तर त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे, मग आपले वजन वजा करावे. वेळ, किती पोटात गेले, उलटी, लघवी आणि शौच हे एका वहीत लिहावे. डॉक्टरांना ही वही शंभर प्रश्नांपेक्षा उपयोगी पडते.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात स्वच्छतेकडे विशेष लक्ष हवे. केलेले खाद्य फ्रिजमध्ये ठेवून चोवीस तासांत संपवावे. लागेल तेवढेच वाटीत काढून, ती वाटी गरम पाण्यात धरून कोमट करावे. अर्ध्या तासात उरले ते टाकून द्यावे. सिरिंज दर वेळी धुवावी.

औषधांबाबत एक कळकळीची सूचना. अंग तापलेले दिसले म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला देऊ नये. ते औषध पचवण्याची सोय त्याच्या यकृतात जवळजवळ नाही. एका गोळीनेही मांजर मरू शकते. मळमळ थांबवणारी आणि भूक वाढवणारी औषधे पशुवैद्यकांकडे आहेत, ती त्यांनीच ठरवलेल्या मात्रेत द्यावीत. कोणतीही गोळी दिली की पाठोपाठ थोडे पाणी पाजावे, म्हणजे ती अन्ननलिकेत अडकून जखम करणार नाही.

दोन-तीन दिवस सिरिंजने भरवूनही हिशेब पुरा होत नसेल, किंवा आपल्याला पाहताच मांजर पलंगाखाली पळत असेल, तर जबरदस्ती वाढवू नये. अशा वेळी नळीने अन्न देण्याचा मार्ग आहे. नाकातून घातलेली बारीक नळी काही दिवस चालते. मानेच्या बाजूने अन्ननलिकेत बसवलेली नळी थोड्या भुलेखाली घालतात आणि ती काही आठवडे राहू शकते. ऐकायला हे भयंकर वाटते. पण मांजराला तोंड धरण्याचा त्रास होत नाही, औषधही नळीतूनच जाते, आणि भूक लागली की नळी असतानाच ते तोंडाने खाऊ लागते. यकृतात चरबी साचलेल्या मांजराला असे तीन ते सहा आठवडे भरवावे लागते, आणि अशी मांजरे बरी होतात.

कामठीकरांना मोठ्या तपासण्यांसाठी नागपूर जवळ आहे. सेमिनरी हिल्सवरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ सालचे आहे. २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे ते घटक महाविद्यालय, आणि तिथे पशुचिकित्सालय आहे. नेताना मांजर हातात किंवा पिशवीत धरून दुचाकीवर बसू नये. झाकणाची टोपली घ्यावी, वर ओले नव्हे तर कोरडे पातळ फडके घालावे, आणि उन्हाळ्यात सकाळीच निघावे.

शेवटी, भरवणे हा आजारावरचा इलाज नव्हे. मूळ रोगावर उपचार चालू असताना शरीराला टिकवून धरण्यासाठी ते असते. म्हातारे मांजर असेल, मूत्रपिंडे संपली असतील किंवा कर्करोग पसरला असेल, तर किती दिवस भरवायचे हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून ठरवावे. तिथे थांबणे म्हणजे हयगय नव्हे. मात्र सर्दीने नाक चोंदलेले, दात दुखणारे, पोट बिघडलेले मांजर केवळ ‘खाईल उद्या’ म्हणून हातचे जाऊ नये. तुमच्या मांजराने आज सकाळपासून ताटलीला तोंड लावले नसेल, तर शेवटचे कधी खाल्ले ते आठवून आताच वहीत लिहून ठेवा.